‘ऊठ’ ते ‘उभा आहे’



आजच्या चिंतनासाठी गीतेची दोन टोकं घेतली आहेत. एक पहिल्या अध्यायातला ३० वा श्लोक आणि दुसरा अठराव्या अध्यायातला ७३ वा. दोन्हीकडे बोलणारा अर्जुनच आहे. पण पहिल्या ठिकाणी तो म्हणतो की मला उभं राहवत नाहीये, माझं मन गरगरल्यासारखं होतंय. आणि शेवटी तो म्हणतो की माझा संशय गेला, मी आता स्थिर उभा आहे, तू सांगशील ते करीन.

म्हणजे बघा, आपण जिला जगातला एवढा मोठा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणतो, ती गीता सुरू होते एका तोल गेलेल्या माणसापासून! अंग गळालंय, तोंडाला कोरड पडलीये, शरीर कापतंय, हातातून गांडीव निसटतंय आणि डोकं फिरतंय. पहिला अध्याय संपतो तेव्हा तर हा एवढा मोठा योद्धा रथात चक्क खाली बसलाय.

लहानपणापासून गीता जयंतीला हा अध्याय मी म्हणत आलेय. पण ‘उभं राहता येत नाही’ या शब्दांचा अर्थ मला कळला तो वयाच्या ३४ व्या वर्षी, स्ट्रोक झाल्यावर. लहान मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली. हात-पाय लुळे पडले नाहीत, तोंड वाकडं झालं नाही. फक्त जग फिरायला लागलं, आणि ते थांबेचना. पहिले काही दिवस पलंगावर नुसतं उठून बसलं तरी उलटी व्हायची. भिंती सरकायच्या. मी डावीकडे कलंडायचे आणि मला वाटायचं मी सरळच बसलेय.

अर्जुनाला स्ट्रोक झाला होता असं मी म्हणत नाहीये हं! त्याची चक्कर शोकाची होती, माझी गुठळीची. पण ज्याच्या पायाखालची जमीन गेलीये अशा माणसाशी भगवंत कसा वागतो, हे बघायला गीतेसारखी दुसरी जागा नाही. म्हणून आज हा विषय. तुमच्यापैकी कुणी यातून जात असेल, किंवा घरी आई-बाबा, आजी-आजोबा जात असतील, तर हे खास तुमच्यासाठी.

‘ऊठ’ म्हटल्यावर अर्जुन उठला का?

दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच श्रीकृष्ण त्याला म्हणतात, मनाचा हा दुबळेपणा सोड आणि ऊठ. चांगलंच खडसावतात. आपल्याला वाटतं, प्रत्यक्ष भगवंताने ‘ऊठ’ म्हटलं म्हणजे संपलंच की! पण पुढे वाचा. अर्जुन उठत नाही. तो आणखी प्रश्न विचारतो. मग ‘मी लढणार नाही’ असं सांगून गप्प बसतो. आणि तेव्हा श्रीकृष्ण काय करतात? पुन्हा ओरडत नाहीत. किंचित हसल्यासारखे होतात आणि पहिल्यापासून समजावायला लागतात.

‘ऊठ’ हा शब्द आला दुसऱ्या अध्यायात. ‘उभा आहे’ हा शब्द आला अठराव्यात. या दोन शब्दांच्या मध्ये जवळजवळ सगळी गीता आहे.

मला हे फार मोठं आश्वासन वाटतं. देवाने सांगितल्यावरसुद्धा उठायला वेळ लागतो, आणि तो वेळ देव देतो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, हे तुम्हाला माहीत असेल. तीसुद्धा दर रविवारी एक अध्याय अशीच झाली. गीता घाईने सांगायची गोष्टच नाही. आणि तोल परत येणं ही घाईने व्हायची गोष्ट नाही.

घरातले लोक प्रेमापोटीच म्हणतात, “मन घट्ट कर, म्हणजे काही होत नाही.” माझी आईसुद्धा म्हणायची. एकदा म्हणा, हरकत नाही. भगवंतानेही एकदा म्हणून पाहिलं! पण त्याने काम झालं नाही, तर त्यांनी केलं तेच करा. जवळ बसा, हसा आणि पहिल्यापासून सुरुवात करा.

तोल म्हणजे न हलणं नव्हे

आता जरा शरीराबद्दल बोलू, कारण ते समजलं की श्लोकही जास्त समजतो.

आपला तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातम्यांवर चालतो. डोळे सांगतात आजूबाजूला काय आहे. कानाच्या आतल्या भागात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या सांगतात डोकं कुठे वळलं. आणि तळपाय, सांधे, स्नायू सांगतात की आपण कशावर आणि कसे उभे आहोत. मेंदूचा खालचा भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ आणि लहान मेंदू, या तिन्ही बातम्या जुळवतो. लहान मेंदू आकाराने मेंदूच्या साधारण दहाव्या भागाएवढा, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्यात असतात. तिथे इजा झाली की बातम्या येतात, पण जुळत नाहीत. डोळे म्हणतात ‘स्थिर’, कान म्हणतो ‘फिरतंय’. या भांडणाचं नाव चक्कर.

माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली. “ताई, तुम्हाला वाटतं निरोगी माणूस उभा राहिला की अजिबात हलत नाही. तसं नसतं. तोही सतत बारीक बारीक डुलतच असतो. फक्त त्याचं शरीर त्याला दर क्षणी परत मध्यावर आणतं, म्हणून त्याला कळत नाही. आपल्याला डुलणं थांबवायचं नाहीये. परत मध्यावर यायला शिकायचंय.”

हे ऐकलं आणि मला सहाव्या अध्यायातला २६ वा श्लोक आठवला. चंचल मन जिथे जिथे धावेल, तिथून तिथून त्याला आवरून पुन्हा आत्म्यात आणावं, असा त्याचा भाव आहे. श्रीकृष्ण असं म्हणत नाहीत की मन धावताच कामा नये. ते गृहीतच धरतात की ते धावणार. साधना आहे ती परत आणण्यात. ध्यानात शंभर वेळा मन भटकलं आणि शंभर वेळा परत आणलं, तर ते ध्यान बिघडलं नाही, तेच ध्यान!

उभं राहणंही तसंच. शंभर वेळा कललो, शंभर वेळा मध्यावर आलो. यालाच तोल म्हणतात.

थोडी चक्कर सोसावी लागते

पुढे त्याच अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं आहे. श्रीकृष्ण ते नाकारत नाहीत. हो, अवघड आहे, म्हणतात. पण दोन उपाय देतात, अभ्यास आणि वैराग्य.

अभ्यास म्हणजे काय ते मला दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कळलं. कोपऱ्यात, म्हणजे मागे दोन भिंती, पुढे खुर्ची. पडायला जागाच नाही. तिथे पाय जुळवून उभं राहायचं. आधी डोळे उघडे, काही दिवसांनी मिटून. डोळे मिटले की पहिल्यांदा तर काळजाचा ठोकाच चुकायचा. मग एक दिवस समोरच्या भिंतीवरचा विठोबा बघता बघता लक्षात आलं, अरे, हा तर माझाच व्यायाम करतोय! पाय जुळवून, विटेएवढ्या जागेवर, समचरण. भक्त पुंडलिकाला आई-वडिलांच्या सेवेतून वेळ मिळेपर्यंत तो तसाच थांबलाय म्हणतात. मी ३० सेकंदांचा टायमर लावायचे आणि त्याच्याकडे बघून म्हणायचे, “देवा, तुझं बरं आहे, तुला सवय आहे.”

दुसरा व्यायाम नजरेचा. समोरच्या एका गोष्टीवर नजर ठेवायची आणि मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवायची. मी देवघरातल्या समईची ज्योत धरली. आकडे मोजण्याऐवजी नाम घ्यायचे. मान डावीकडे, राम. उजवीकडे, कृष्ण. मध्ये, हरी. सुरुवातीला दहा नामांतच गरगरायला व्हायचं. मॅडम म्हणायच्या, “थोडी चक्कर येऊ दे. बसून पाच-दहा मिनिटांत शांत झाली तर ठीक. दिवसभर राहिली तर आपण जास्त केलं, उद्या कमी करू.”

यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. चक्कर येते म्हणून माणूस पडून राहतो, डोकं हलवतच नाही. तसं केलं तर मेंदूला नवीन जुळवाजुळव शिकायची संधीच मिळत नाही. म्हणूनच माझ्या डॉक्टरांनी चक्कर दाबणारी गोळी सुरुवातीला दिली आणि नंतर हळूहळू बंद केली. हा निर्णय त्यांचा. स्वतःहून कुठलीही गोळी बंद करायची नाही, आणि बीपीची किंवा रक्त पातळ ठेवण्याची तर अजिबात नाही.

साधनेतही असंच असतं, नाही का? अस्वस्थता टाळण्यासाठी मन ज्या कोपऱ्यात लपतं, तिथे ते बरं होत नाही. थोडं सोसायचं, पण मागे भिंत ठेवून.

वैराग्य : लोक काय म्हणतील, हे सोडणं

अभ्यास जमला. वैराग्य मात्र अवघड गेलं.

लहान मेंदूचा स्ट्रोक झालेला माणूस चालताना पाय फाकवून, झोकांड्या खात चालतो. वय तरुण, चेहरा ठीकठाक. मग लोकांना काय वाटणार? एकदा ठाणे स्टेशनवर सकाळी ९ च्या गर्दीत माझा तोल गेला आणि मी खांब धरला. मागून एक जण म्हणाला, “सकाळी सकाळीच लावलीये वाटतं!” मी घरी येऊन खूप रडले. त्यानंतर तीन आठवडे बाहेर पडले नाही. देवळातही नाही.

तेव्हा मॅडमनी काठी घ्यायला सांगितली होती, पण मला ती नको होती. ३४ व्या वर्षी काठी! ज्या मुलीने ट्रेकिंग केलं, धावती लोकल पकडली, ती मुलगी मला परत हवी होती. आणि खरं सांगू? पडण्याच्या भीतीपेक्षा ‘ती मुलगी गेली’ हे दुःख मोठं होतं.

वैराग्य म्हणजे संसार सोडून हिमालयात जाणं असं आपण समजतो. माझ्या वाट्याला आलेलं वैराग्य एवढंच होतं, की ‘मी अशी दिसले पाहिजे’ हा हट्ट सोडायचा. काठी हातात घेतली त्या दिवशी गर्दीने वाट दिली. टोमणे बंद झाले, लोक उठून जागा द्यायला लागले. पण त्याहून मोठी गोष्ट आत झाली. जी मुलगी गेली तिच्या मागे धावणं थांबलं, आणि जी आहे ती चालायला लागली. आषाढीला काठी टेकत वारीला जाणाऱ्या आज्या आपण बघतो. त्यांना काठीची लाज वाटत नाही. त्यांचं लक्ष पंढरपुराकडे असतं.

भक्ती बदलते, कमी होत नाही

काही गोष्टी मला बदलाव्या लागल्या. तुमच्याही उपयोगाच्या असतील म्हणून सांगते.

आरतीला मी डोळे मिटून उभी राहायचे. आता खुर्चीत बसते आणि डोळे उघडे ठेवते. वाकून जमिनीला डोकं टेकवणं बंद, हात जोडते. आरतीनंतर स्वतःभोवती जी प्रदक्षिणा घालतो, ती कित्येक महिने बंद होती. मग मॅडमनी तीच व्यायाम म्हणून सुरू केली. पाव वळायचं, थांबायचं, समोर नजर लावायची, परत पाव वळायचं. चार थांब्यांची प्रदक्षिणा! इतक्या सावकाश मी आयुष्यात कधी देवाभोवती फिरले नव्हते.

एकादशीचा निर्जळ उपवास सोडला. पाणी कमी पडलं किंवा बीपी-शुगरच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आईला वाईट वाटलं. मी तिला सहाव्या अध्यायातलंच दाखवलं. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असं भगवंतच म्हणतात. आई म्हणाली, “अगं, मग त्यांचंच ऐक.”

आणि मोबाइल. रील्स भराभर वर सरकवल्या की मला आजही गरगरतं. मॉलमधल्या वस्तूंनी भरलेल्या रांगा, सरकता जिना, तसंच. डोळ्यांवर फार भार पडतो. म्हणून गीता मी छापील पुस्तकातूनच वाचते, थोडी थोडी.

सारथी कुठे बसतो?

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. श्रीकृष्णांनी अर्जुनाच्या हातातून पडलेलं धनुष्य उचलून स्वतः लढाई केली नाही. ते सारथ्याच्या जागी राहिले. जवळ, पण त्याच्या जागी नाही.

मॅडम माझ्या दादाला सांगायच्या, “हात धरू नका, हात जवळ ठेवा.” कारण सतत धरून ठेवलं तर शरीर दुसऱ्याच्या हातावर तोल सांभाळायला शिकतं. दादा माझ्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे चालायचा, कारण मी डावीकडे कलायचे. धरायचा नाही. मला त्याच्या चपलांचा आवाज फक्त यायचा. त्या आवाजावर मी सोसायटीच्या बागेत पहिली फेरी मारली. कृपा कशी असते असं कुणी विचारलं तर मी त्या चपलांच्या आवाजाबद्दल सांगेन.

घरातही थोडी तयारी करा. बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा आणि रबरी मॅट. रात्री पलंगापासून संडासापर्यंत बारीक दिवा. पायात अडकणारी पायपुसणी, सतरंज्या उचला. सटकणाऱ्या स्लीपर नकोत. सकाळी उठताना आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेवर एक-दोन मिनिटं बसणं, मग उभं राहणं.

डॉक्टरांना सांगताना नुसतं ‘चक्कर येते’ म्हणू नका. खोली फिरते, की चालताना तोल जातो, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात आणि उपायही.

आणि हे नीट लक्षात ठेवा. अचानक चक्कर आली, चालताच येईना, एकाचं दोन दिसायला लागलं, बोलणं अडखळलं, चेहरा किंवा हात-पाय बधिर झाला, तर ‘पित्त असेल, ॲसिडिटी असेल’ म्हणत बसू नका. नाम घेत घेत, पण लगेच १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आधी स्ट्रोक होऊन गेला असेल आणि चक्कर नव्याने किंवा वेगळी वाटली, तरीही हेच.

शेवटी अर्जुन काय म्हणतो

अठराव्या अध्यायातल्या त्या श्लोकात अर्जुन आणखी दोन गोष्टी सांगतो. एक, माझी हरवलेली स्मृती परत आली. आणि दुसरी, हे तुझ्या प्रसादाने झालं. एवढे अध्याय प्रश्न त्याने विचारले, संशय त्याने मांडले, ऐकलं त्याने, तरी शेवटी तो ‘मी करून दाखवलं’ म्हणत नाही. अभ्यास माझा, प्रसाद तुझा, असा हा हिशेब आहे.

मला १४ महिने झाले. पूर्ण बरी झाले असं नाही. संध्याकाळी थकले की अजून कलते. गर्दीत काठी लागते. अंधारात चालताना भिंतीला हात लावते. माझा अठरावा अध्याय अजून यायचाय, कदाचित मी नवव्या-दहाव्यात असेन. पण आता मला माहितीये की गीतेत चक्कर येणाऱ्याला कुणी हाकलून दिलेलं नाही. उलट, सगळी गीता त्याच्यासाठीच सांगितली आहे.

आजचा अभ्यास : आज जप करताना मन भटकेल. तेव्हा स्वतःवर चिडू नका. फक्त परत आणा आणि मनात म्हणा, ‘हाच तोल.’ आणि तुमच्या ओळखीत कुणी स्ट्रोकमधून सावरत असेल, तर आज त्यांच्यासोबत दहा मिनिटं चाला. अर्धं पाऊल मागे राहून.

आजची प्रार्थना : पांडुरंगा, माझं कलणं तू बंद कर असं मागत नाही. प्रत्येक वेळी मध्यावर परत येण्याची शक्ती दे. मला उठायला वेळ लागेल, तोवर तू जवळ थांब. तुला थांबायची सवय आहेच.

राम कृष्ण हरी!